झऱ्याने नेलेला डबा

खीर गार व्हावी म्हणून मी डबा झऱ्याच्या उगमाशी पाण्यात ठेवला आणि तो वाहून गेला. लग्नातला डबा होता, वर ह्यांचं नाव कोरलेलं. झाशीहून सहलीला आलेले आम्ही नवराबायको त्याच्यामागे निघालो. झरा सागांमधून वळला, आम्ही वळलो. खडकावरून घसरला, हेही घसरले. “बरं झालं, तुझी खीर गोडमिट्ट असते,” ह्यांचं पस्तीस वर्षांचं पालुपद सुरूच होतं. खाली डोहापाशी जेवत बसलेल्या एका कुटुंबाने आम्हाला आग्रहाने बसवून द्रोणात खीर वाढली. “अशी हवी खीर,” हे म्हणाले, “शीक जरा.” मी माझं जायफळ ओळखलं आणि पदराआड हसले. तेवढ्यात वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, “भैया, ये डिब्बा बहकर आया है. मार्तंड लिखा है. जानते हैं?” ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. “नहीं जी,” म्हणाले आणि द्रोण पुढे केला.