कांता श्रावण रामटेके

"लोकगीत लिहू या," वामनराव म्हणाले. "मोहर्ली परिसर. कवी अज्ञात."

"अज्ञात काऊन?" श्रावणनं चहाची किटली खाली ठेवली. "नाव हाये. कांता श्रावण रामटेके. माही बायको."

श्रावण मोहर्लीच्या विश्रामगृहात खानसामा होता. १९८६ च्या मार्चमध्ये लेडी विनिफ्रेड नावाची इंग्रज बाई तिथं वाघ पाहायला आली. पहिल्याच सकाळी तिनं श्रावणला पोळ्या लाटत गाताना ऐकलं. मग ती जंगलात गेलीच नाही. चंद्रपूरच्या कॉलेजातले वामनराव दुभाषी होते. त्यांना समोर बसवून ती गाणी उतरवून घेऊ लागली.

धानाच्या बांधीत रोवला म्या जबाब, पाटला,
पीक आलं त कापून नेजो.

या ओळी तिनं तीनदा म्हणवून घेतल्या.

ती स्वतः कविता करायची आणि लंडनहून कवितेचं मासिक काढायची. वामनरावांनी "अज्ञात" हे इंग्रजीत सांगताच तिनं पेन बंद केलं. ती बोलत गेली, वामनराव सांगत गेले. तिच्या वडिलांची चाळीस खोल्यांची हवेली होती. एकोणिसाव्या वर्षी तिच्या कविता छापून आल्या, त्या भावाच्या नावानं. घराण्यातल्या मुलीचं नाव दोनदाच छापायचं, लग्नात आणि मेल्यावर, असं वडील म्हणाले. तिनं घर सोडलं. तीस वर्षांत तिच्या मासिकात बिननावाची एकही कविता आली नाही.

"पण मडमना दुसरा साक्षीदार पाहिजे," वामनराव श्रावणला म्हणाले. "नवरे काय, पुष्कळ काही सांगतात, असं त्या म्हणतात. त्यापेक्षा तुझंच नाव देऊ. गातोस तर तूच."

"माहं नाई. तिचं नाव नसन त कागद फाडा."

"अरे, लंडनला छापून येतंय."

"फाडा."

वामनरावांनी व्हरांडा झाडणाऱ्या केसरबाईला बोलावलं.

"कांताबाईंना ओळखता?"

"कोन कांता?"

"माही कांता," श्रावण म्हणाला. "माघात गेली थे."

केसरबाई त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली.

"पाटलाचं हे गाणं तिचंच ना?" वामनरावांनी विचारलं.

"पाटलाचं मले काऊन पुसता, सर? थो बांधावर येऊन गळा फाडे. साऱ्या बाया उभ्या होऊन जात. थे एकटीच रोवत राहे. वर पाहे नाई."

वामनरावांनी ते इंग्रजीत सांगितलं. मडम मोठ्यानं हसली. तिनं पेन उघडलं आणि श्रावणकडून नाव पुन्हा पुन्हा वदवून घेत नीट लिहिलं.

दुपारी जीप गेली. केसरबाई पायरीवर बसली.

"गाणे त तूच जोडत होता, श्रावण. मंग तिचं नाव काऊन?"

"तिले तुम्ही जनमभर बहिरीमुकी म्हणलं, केसरबाई, नाव कोनी घेतलं नाई," श्रावण म्हणाला. "आता थे इंग्रजीत बोलन."