बाईंची तयारी

परदेशातल्या शेतांवर सेवेला जाणाऱ्या मुलांची तयारी बाई करून घेत. निवडीच्या आदल्या दिवशी एका मुलीचे वडील नाकाला रुमाल लावून गोठ्याच्या दाराशी आले. "शेणात हात घालणारी बायको नको," म्हणत याच गृहस्थांनी एकेकाळी बाईंशी ठरलेलं लग्न ऐनवेळी मोडलं होतं.

"एकुलती एक आहे हो. गेली की परतायची नाही," ते अजिजीने म्हणाले. "तेवढं नापास करा तिला. नाहीतरी सगळ्यांत जास्त तिलाच राबवलंत. रडत यायची घरी."

"राबवलं तर!"

पलीकडे त्यांची लेक खताच्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून पोरांवर ओरडत होती, "अरे, आत भाजतंय! आधी ढीग पालटा!"

वडिलांनी मान फिरवली. "माझ्यावरचा राग तिच्यावर काढलात ना? मग आता नापास करायला काय जड आहे?"

"राग तर मी आत्ता काढतेय, तुम्हाला नाही म्हणून," बाई म्हणाल्या. "ही कुणाची लेक ते पहिल्याच दिवशी कळलं. तेव्हाच ठरवलं, हिला इतकं तयार करायचं, की घरी बसवून ठेवणं तुम्हालाच काय, मलाही जमू नये."