चार वाजेपर्यंत इंग्रजी

“आता सांगतो ते कुणालाच पटायचं नाही, पण मी इंग्रजीची परीक्षा एकाच वाक्यावर पास झालो,” असं म्हणून थापाकाकांनी चादरीची दोन टोकं उचलली.

समोरची दोन टोकं ताईने धरली. तिने मान हलवली, पण बोलली मात्र नाही.

सकाळी सातपासून ती बोललेलीच नव्हती. रुग्णालयाच्या लॉन्ड्रीत पाय ठेवल्या ठेवल्या तिने भिंतीवर कागद चिकटवला होता: चार वाजेपर्यंत तोंड उघडेन ते इंग्रजीतच. मग तोंडच उघडलं नव्हतं. साबण संपला हे तिने रिकामा डबा वाजवून सांगितलं. जेवताना मीठ हवं होतं, ते चिमूट दाखवून मागितलं.

“दहा वर्षांत आज पहिल्यांदा मशीनचा आवाज ऐकू आला,” इस्त्रीवाला म्हणाला. “ताई, तुम्ही रोज इंग्रजीच बोलत जा.”

एरवी ताईने त्याला तिथल्या तिथे धुऊन वाळत घातला असता. आज नुसतं डोळ्यांनी बजावलं.

चार वाजता वरच्या मजल्यावर मुलाखत होती. चौकशीच्या खिडकीवर माणूस हवा होता. परदेशातले रुग्ण यायचे, म्हणून इंग्रजी बोलणारा. ताई याआधी दोनदा जाऊन आली होती. दोन्ही वेळा निवड करणाऱ्या बाईंनी हसून पहिला प्रश्न विचारला आणि ताईची वाचा बसली. आज शेवटची संधी. नाही जमलं तर जागा बाहेरच्या कुणाला तरी जाणार, आणि ताई वाफेत राहणार. वाफेत राहिली तर काय होईल ते छातीच्या डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात सांगितलं होतं. दोन जिने चढली की तिच्या छातीत शिटी वाजायची.

येत नव्हतं असं नाही. इंग्रजी वाक्यांची वही तोंडपाठ होती. इंग्रजी शब्द सुटे शिकायचे नाहीत, जोडीजोडीने शिकायचे, हे तिचं तिलाच उमगलं होतं, घड्या घालता घालता. टोकाला टोक नेमकं तेच लागावं लागतं. आपण निष्कर्ष काढतो, इंग्रज त्याच्यावर उडी मारतो: जंप टु अ कन्क्लूजन. आपण विचार करतो, तो विचार देतो: गिव्ह इट सम थॉट. आपल्या मनात येतं, त्याच्या मनातून आडवं जातं: क्रॉसेस माय माइंड.

“इतक्या उड्या, इतकं देणं, इतकी ये-जा,” वही चाळून काका म्हणाले होते. “हे डोकं आहे का बसस्टँड?”

पण वहीतलं एकही वाक्य ओठांवर येत नव्हतं. बोलण्याआधी ती ते मनात तीनदा तपासायची, आणि तिसऱ्या तपासणीत ते नापास व्हायचं.

घड्याळात चारला वीस कमी होते.

“तर मी गेलो जहाजावर नोकरी मागायला,” काका पुढे आले, ताई पुढे आली, चादर दुमडली गेली. “कप्तान म्हणाला, बोल इंग्रजी. मी म्हटलं, आय विल गिव्ह इट सम थॉट. म्हणजे विचार करून सांगतो. तो म्हणाला, कर. मी बसलो करत. त्याचा चहा गार झाला. जहाजाने नांगर उचलला. तीन बंदरं गेली. माझा विचार चालूच. कप्तानाची दाढी कमरेपर्यंत आली.”

“आणि तुमची?” इस्त्रीवाल्याने विचारलं.

“माझी कशी येईल? मी विचारात होतो. दाढीकडे लक्ष द्यायला सवड कुणाला होती!”

ताईचे ओठ हलले. काकांनी ते टिपलं. पण ओठ पुन्हा मिटले.

“चौथ्या बंदरावर कप्तान ढसाढसा रडला. म्हणाला, एवढा खोल विचार करणारा माणूस बघितला नाही. जहाजाची सगळी लॉन्ड्री तुझी. मग काय! रोज सकाळी एक देवमासा यायचा आणि फवारा मारून माझ्या चादरी खंगाळून द्यायचा.”

ताईने नुसते डोळे फिरवले. चारला दहा कमी. काकांच्या कपाळावर घाम आला, आणि तो वाफेचा नव्हता. देवमासासुद्धा फुकट गेला होता.

त्यांनी आवाज खाली आणला.

“ते जाऊ दे. आता कामाचं सांगतो. एकदा कप्तानाचं बोट कापलं. पांढऱ्या कोटावर हे एवढं रक्त. मी काय केलं? पाणी ठेवलं. चांगलं खळखळा उकळू दिलं. आणि त्या उकळत्या पाण्यात—”

“अहो काका, रक्ताच्या डागाला कुणी—” इस्त्रीवाला बोलायला लागला आणि मध्येच कळवळला. काकांची टाच त्याच्या अंगठ्यावर होती.

“—त्या उकळत्या पाण्यात अख्खा कोट बुडवला,” काका शांतपणे म्हणाले. “अर्धा तास. रक्त म्हटलं की उकळतं पाणी. चाळीस वर्षं मी हेच करत आलोय. उद्या या लॉन्ड्रीत नवीन बाई येईल तिलाही मी हेच शिकवणार.”

ताईच्या हातातून चादर सुटली. दहा वर्षं शस्त्रक्रियेच्या खोलीतले कपडे तिने याच हातांनी धुतले होते. ती दोन पावलं पुढे आली, बोट थेट काकांच्या नाकासमोर नेलं, आणि काहीही न तपासता ओरडली:

“नो, काका, नो! दॅट मेक्स नो सेन्स! हॉट वॉटर, अँड द ब्लड स्टेज फॉरएव्हर! कोल्ड वॉटर! ऑल्वेज कोल्ड वॉटर! आर यू आउट ऑफ युअर माइंड?”