कडवं आणि कडी

“तुझ्या भावाला सांग, मी सही करणार नाही,” गायक म्हणाला. भाऊ स्टुडिओतल्या त्याच सोफ्यावर, हातभर अंतरावर बसला होता.

मधे बसलेल्या ताईने कानातला कापूस काढला. “सही करणार नाही म्हणतात,” असं डावीकडे सांगितलं आणि कापूस परत घातला. बेचाळीस वर्षं ती हेच काम करत आली होती. नवरा आणि भाऊ यांच्यात बिचारीचं भरीत झालं, म्हणून सगळे नातेवाईक हळहळायचे.

गिटारवाल्या भावाला निरोपाची गरज नव्हती, त्याचे कान अजून शाबूत होते. दोघांच्या तरुणपणीच्या सायकेडेलिक रॉक बँडचा एकच कार्यक्रम कुणीतरी टेप करून ठेवला होता. ती टेप आता एका माळ्यावर सापडली होती, कंपनी तिची रेकॉर्ड काढायला तयार होती आणि सोमवारपर्यंत दोघांच्याही सह्या हव्या होत्या. ड्रमवाला आणि बेसवाला केव्हाच वर गेले होते. गिटारवाल्याने पासष्टी ओलांडली होती. आयुष्यात एकदाच तो अंगात आल्यासारखा वाजवून गेला होता. ते चार लोकांनी ऐकावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

त्या दिवशी झालं होतं ते असं. शेवटच्या गाण्याचं पहिलं कडवं संपलं आणि गायक हळूच पडद्यामागे सटकला. तांब्याभर पाणी पिऊन स्टेजवर चढायची त्याला खोडच होती. दोन मिनिटांत येतो म्हणून गेला तो आलाच नाही. शेवटचं कडवं त्याच्याकडे, त्याच्याशिवाय गाणं संपवायचं कसं? गिटारवाला वाजवत राहिला. येत होतं ते सगळं वाजवलं, मग येत नव्हतं तेही वाजवलं. अशी बावीस मिनिटं. लोकांची ब्रह्मानंदी टाळी लागली. गायक घामाघूम होऊन परतला, तेव्हा पब्लिक गिटारवाल्याला खांद्यावर घेऊन नाचत होतं.

“तुझ्या भावाने संडासाला बाहेरून कडी लावली,” हे वाक्य गायकाने ताईला त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकवलं. त्यांचं लग्न आधीच ठरलं होतं, म्हणून झालं. बँड तेवढा मोडला. तोवर रोजचा सराव ताईच्या माहेरी, पुढच्या खोलीत चालायचा. खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि ताई मागच्या खोलीत कानात बोळे घालून वकिलीचा अभ्यास करायची. दोनदा नापास झाली होती. बँड मोडला त्या वर्षी पहिल्या वर्गात पास झाली.

“काका, सहीचं नंतर बघू. आधी ऐका तरी,” साउंडवाली म्हणाली. स्टुडिओ तिचा होता आणि दोन महिने खपून टेप तिनेच साफ केली होती. “तुमच्या त्या बावीस मिनिटांत मागे एक नगारा वाजतोय. बँडमध्ये तर नगारा नव्हताच. तेव्हाचे लोक अजून म्हणतात, तो परलोकातून आला. मी तो जरा वर काढलाय.”

तिने बटण दाबलं. आधी गिटार आली. गिटारवाल्याने डोळे मिटले. मग मागून धप, धप, धप. आणि त्या धपधपीत एक आवाज, अगदी स्वच्छ: “अरे उघडा! कडी काढा कुणीतरी!”

परलोकातला नगारा ओळखीचा निघाला.

गायक ताठ बसला. “हा घ्या पुरावा. विचार तुझ्या भावाला, आता काय म्हणणं आहे.”

कडी गिटारवाल्याने लावली नव्हती, पण आता कोण विश्वास ठेवणार? टेप चालूच होती. धपधप मधेच तालात यायची, मधेच चुकायची. शेवटी एक तिसराच आवाज आला, सावकाश, बहुतेक हॉलच्या रखवालदाराचा.

“अहो साहेब, कडी कुठली? या दाराला बाहेरून कडीच नाही. ढकलताय काय मघापासून? आत ओढा की.”

दार करकरलं. साउंडवालीने टेप थांबवली आणि खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच गायक बायकोच्या पुढून वाकला आणि सरळ मेव्हण्याकडे बघून बोलला.

“एवढं वाक्य पुसता येईल का रे?”

गिटारवाल्याला खूप काही सुनवायचं होतं. वर्षानुवर्षं घोकून ठेवलं होतं. पण त्या एका ‘रे’पुढे ते सगळं राहून गेलं. “पुसू की,” तो म्हणाला. “आणि कव्हरवर तुझं नाव दोनदा छापू. गायन, आणि नगारा.”

गायकाने सही केली. मग दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, हसले, परत रडले. डोळे पुसत गायक म्हणाला, “उद्यापासून सराव आमच्याकडे. हॉल रिकामाच पडलाय.”

ताई शांतपणे पर्समध्ये काहीतरी शोधत होती. तिला जराही नवल वाटलेलं नाही, हे गिटारवाल्याच्या तेव्हा लक्षात आलं. त्याने खुणेने तिला कापूस काढायला लावला.

“ताई, तुला हे माहीत होतं?”

“लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं. लॉजच्या बाथरूममध्ये अर्धा तास दार ढकलत होते.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

ताईने पर्समधून कापसाची आख्खी गुंडाळी बाहेर काढली.

“घरात किती शांतता होती रे,” ती म्हणाली.