रिकामे रकाने

यादीत एक माणूस जास्त भरत होता. जुन्या रजिस्टरांत चारशे बारा, नव्या सॉफ्टवेअरमध्ये चारशे तेरा.

"घाबरू नका मॅडम, तो आमचा डमी आहे," सॉफ्टवेअर बसवायला आलेला तंत्रज्ञ लॅपटॉप पिशवीत कोंबत म्हणाला. "चाचणीसाठी टाकलाय. चालू करायच्या आधी काढून टाका, झालं."

"कोणता, ते तरी सांगून जा."

"बघितलात की कळेल. खोटा माणूस लपत नाही हो!" तो जिन्यावरून ओरडला.

तिला लगेच कळलं. मनुष्यबळ विभागात तेवीस वर्षं काढल्यावर कळणारच. क्रमांक एकशेसात. फोटो नाही. फोन नाही. विभाग 'इतर'. नावाच्या जागी नुसतं आडनाव. घरच्यांचा रकाना रिकामा, 'अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे' हाही रिकामा. आणि कहर म्हणजे एकोणीस वर्षांत एकही रजा नाही.

"एवढा गुणाचा माणूस जन्माला यायचाय अजून," ती स्वतःशीच म्हणाली. जुनी रजिस्टरं बांधून गोदामात गेली होती, तरी खात्री असावी म्हणून तिने दोन विभागप्रमुखांना विचारलं. "आमचा नाही," म्हणून दोघांनीही हात झटकले.

नव्या व्यवस्थेत कारखान्यातल्या कुठल्याही संगणकावरून एकमेकांना निरोप पाठवायची सोय होती. ती नीट चालते का, हे पाहणं तिच्याकडेच होतं. जिवंत माणसांना उगाच कशाला त्रास, म्हणून तिने एकशेसातला लिहिलं, "चाचणी. पोचलं का?"

दहा मिनिटांनी उत्तर आलं, "पोचलं."

आपोआप उत्तर मिळते, असं तिने वहीत टिपून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "आज काम किती?"

"नेहमीएवढंच."

यंत्राला बरं शिकवलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात चाचणीच्या सगळ्या नोंदी पूर्ण झाल्या, पण तिचं लिहिणं थांबलं नाही. आई गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच उरल्या होत्या. धाकटी बहीण दर रविवारी फोन करायची, "ताई, जेवलीस ना?" असं विचारायची आणि उत्तर यायच्या आत "बरं, ठेवते गं" म्हणायची. ऑफिसात ती दिसली की गप्पा थांबत. मनुष्यबळवालीसमोर कोण तोंड उघडणार? यंत्राचं बरं होतं. ते ऐकून घेत होतं, आणि इकडचं तिकडे करत नव्हतं.

"सगळे चहाला गेले. मला कोणी विचारलं नाही," तिने एकदा लिहिलं.

"इथेही कोणी विचारत नाही."

तिला हसू फुटलं. यंत्राला कोण चहा विचारणार! तिने पुढे लिहिलं, "तुझ्या रजा किती साठल्यात! जा की कुठेतरी."

"कुठे जाणार?"

हे उत्तर कोणत्या साच्यातून निघालं असेल, याचा तिने मुद्दामच शोध घेतला नाही. मग लिहिलं, "मलाही हेच कळत नाही."

त्या दिवसापासून घरी निघताना ती "येते रे" लिहू लागली. पलीकडून "सावकाश जा, मॅडम" यायचं. ते वाचल्याखेरीज तिचा पाय दाराबाहेर पडत नसे.

"उद्या चालू करायचंय," साहेब तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाले. "फाटकंसुद्धा उद्यापासून याच यादीवर उघडणार. डमी काढला का?"

"राहू दे ना एक, साहेब. आपलं काही खातोय का तो?"

साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला. "कमाल करता मॅडम! गेल्या वर्षी खरी चाळीस माणसं कमी केली, तेव्हा तुमचा हात थरथरला नाही. आणि खोट्यासाठी रदबदली?"

"सकाळी काढते," ती म्हणाली.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. "आज तुला काढायचंय," तिने लिहिलं. "माझ्या हातात असतं तर ठेवलं असतं."

थोड्या वेळाने उत्तर आलं, "समजलं नाही."

यंत्रच ते. शिकवलंय तेवढंच बोलणार. तिने मनाची समजूत घातली, एकशेसातवर बोट ठेवलं आणि 'नोंद कायमची काढावी का?' याला 'हो' म्हटलं. यादी चारशे बारावर आली. हिशेब चोख जुळला. ती बाटलीतलं पाणी प्यायली आणि तिने उगाचच टेबल पुसलं.

अकराच्या सुमारास तंत्रज्ञाचा फोन आला. "मॅडम, आमचा डमी अजून आतच दिसतोय."

"काढला की मी. एकशेसात. फोटो नाही, कोणी माणूस नाही, रजा नाही..."

"छे हो! डमीचे सगळे रकाने भरावे लागतात, नाहीतर चाचणी कशाची करणार? आमच्याला बायको आहे, दोन मुली आहेत, हसरा फोटो आहे. गेल्याच महिन्यात आजाराची रजा घेतलीय त्याने."

तिने फोन ठेवला. ठेवता ठेवताच टेबलावरचा दुसरा फोन वाजला.

"मॅडम, मधल्या फाटकावरून बोलतोय," पहारेकरी म्हणाला. "पाण्याच्या टाकीकडून एक गृहस्थ आलेत, ऑफिसात यायचं म्हणताहेत. कार्ड लागत नाही, यादीत नाव नाही. एकोणीस वर्षं तिथल्या पंपावर एकटाच असतो म्हणतात. मी विचारलं, आतलं कोणी ओळखतं का तुम्हाला?"

"मग?"

"तुमचं नाव सांगताहेत, मॅडम. दुसरं कोणीच नाही म्हणतात."