रोजच्या खिशासाठी

"याचं पातं हलतंय!" लाँड्रीवाल्याने तिसरा चाकू काउंटरवर आपटला. "दुसरा काढा."

हार्डवेअरच्या दुकानातल्या बाईंनी खण ओढून आणखी एक घडीचा चाकू काढला.

लाँड्रीवाल्याचे कान लाल झाले होते. सकाळी धाकट्या भावाने दोघांच्या लाँड्रीचं कुलूप बदललं होतं. हा बाहेर किल्ली फिरवत बसला, आणि भाऊ काचेपलीकडून 'फोनवर आहे' अशी खूण करत राहिला. शेवटी भावजय दार किलकिलं करून गोड आवाजात म्हणाली, "दादा, तुम्ही आता आराम करा ना." आयुष्यभर लोकांच्या पँटींना इस्त्रीची धार आणून दिलेल्या माणसाला आराम!

तिथून तो तडक इथे आला होता. दात दुखायला लागावेत इतका राग आला होता. पण माणूस मुळात चिकित्सक. चार नग पाहिल्याशिवाय त्याने कधी रुमालसुद्धा घेतला नव्हता. आता भावाला भोसकायचं ठरलं म्हणून सवय थोडीच सुटते?

"हा हलका आहे," बाई म्हणाल्या. "खिशात असल्याचं कळतसुद्धा नाही. पण लॉक नाही. जोर लावला की उलटा मिटतो. आपलीच बोटं जातात."

"लॉकवाला दाखवा."

"हा घ्या. मूठ गुळगुळीत आहे. तळहाताला घाम आला की निसटते."

"मग रबरी मुठीचा?"

"हा. एका हाताने उघडतो. पातं तेवढं आखूड आहे. सफरचंदाला पुरेल."

"सफरचंदाचं कोण बोलतंय इथे!"

तो एवढ्या जोरात ओरडला की मागे थर्मासची झाकणं बघणारे आजोबा हातातलं झाकण ठेवून निघून गेले. बाई हलल्या नाहीत. उघडे चाकू त्यांनी एका ओळीत मांडले आणि लाँड्रीवाल्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"रोज लागणार आहे," त्यांनी विचारलं, "की एकदाच?"

लाँड्रीवाल्याने काउंटरवर हात आपटला.

"तुम्हाला काय करायचंय? माल विकायला बसलाय की चौकशा करायला? अर्धा तास डोकं खाताय! बायकांना काय कळतंय चाकूतलं? मालकांना बोलवा. आत्ताच्या आत्ता!"

बाईंनी चाकू एकेक करून मिटले आणि खणात टाकले. घाई नव्हती, पण शेवटच्या चाकूचा खटका दुकानभर वाजला. खणाला त्यांनी कुलूप लावलं.

"मालक म्हणजे माझा नवरा," त्या म्हणाल्या. "त्यालाही एकदाच लागला होता. सुटायला अजून सहा वर्षं आहेत. थांबताय?"