दिस रे बाबा, दिसू नको रे बाबा

पवननं सफारीची जिप्सी पाणवठ्याजवळ उभी केली आणि शेजारी बसलेल्या दिव्यानीला हळू आवाजात बजावलं, "आज नाई दिसला तं उद्यापासून माह्या गाडीत नको बसजो. गाईड तू, अन् पार्टीच्या शिव्या मी खाऊन राह्यलो."

दिव्यानीनं नजर बांबूवर लावली. पवनचं खोटं नव्हतं. व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या या गेटवर गाईड म्हणून लागल्यापासून तिच्या गाडीला वाघ दिसलाच नव्हता. पुढच्या गाडीला दिसे, मागच्या गाडीला दिसे. हिची गाडी पोहोचेपर्यंत नुसता बांबू हलत असे. ड्रायव्हर लोकांनी तिला पनवती ठरवलं होतं आणि खरं सांगायचं तर तिलाही ते पटत चाललं होतं. बैलांच्या शर्यतीत, शंकरपटात, तिनं ज्या जोडीला आपलं म्हटलं, ती जोडी पट सोडून चहाच्या दुकानात शिरली. मंडईच्या जत्रेतल्या नाटकात हिरोसोबत म्हणून हौसेनं सेल्फी काढला, स्टेटसला ठेवला, तर तो निघाला हार्मोनियमवाला.

आणि इथल्या वाघाचा तोरा तर हिरोच्या वरताण. ड्रायव्हरांनी त्याचं नाव सरपंच ठेवलं होतं, कारण पावलं सगळीकडे, स्वतः कुठेच नाही. मोबाईलवर त्याच्या रील्स, रील्सच्या मागे ढोलताशा आणि खाली पुण्या-मुंबईकडच्या लोकांचे बदाम. गावात मात्र तो फुकटात दिसे. हरिदासभाऊ पहाटे उघड्यावर डबा घेऊन बसले असताना समोरून गेला. भाऊंच्या घरच्या संडासात आजवर गुरांचं कुटार, म्हणजे भुसकट, भरलेलं असायचं. ते त्याच दिवशी बाहेर निघालं.

शेवटी दिव्यानीनं नवस बोलला. गावाच्या वेशीवर वाघोबाचं शेंदरी ठाणं आहे, तिथं ती म्हणाली, "दिस रे बाबा एकडाव, नारळ फोडीन." अडचण एवढीच, की तिची आई कमळा मोहाची फुलं वेचायला जाताना त्याच ठाण्यापुढे रोज हात जोडायची, "दिसू नको रे बाबा. माह्या पोरीले तं बिलकुलच नको." कमळाची भीती खोटी नव्हती. मोह वेचायला वाकलेली बाई घरी परतलीच नाही, अशी गोष्ट या भागात प्रत्येक गावाजवळ आहे. पण एकाच घरातून दोन अर्ज, तेही एकमेकांच्या उलट. देवानं तरी कोणाचं ऐकावं?

मागच्या सीटवर नाशिकच्या एक वयस्कर मावशी आणि त्यांचे लेक-जावई होते. निघतानाच दिव्यानीनं त्यांना पाठ केलेलं सांगितलं होतं, "गाडीत उभं राहायचं नाही. वाघ दिसला तर अजिबात आवाज करायचा नाही."

एवढ्यात चितळ ओरडलं. झाडावरची वानरं खाकरायला लागली. आणि बांबू बाजूला सारून सरपंच बाहेर आला, थेट रस्त्यावर, गाडीच्या समोर.

शेताच्या धुऱ्यावर, मोहाखाली, शाळेच्या वाटेवर, दिव्यानीला लहानपणापासून एकच शिकवण मिळाली होती: वाघ दिसला की पळायचं नाही, ओरडायचं. ती ताडकन उभी राहिली, पाण्याची स्टीलची बाटली गाडीच्या पत्र्यावर दणादणा आपटली आणि सगळ्या शिवारात ऐकू जाईल असा आवाज दिला, "हाऽऽट! हाट रे! निघ तिकडं!"

सरपंच थबकला. गाडीत बसलेल्या माणसानं त्याच्याशी असं वागावं, हे त्याला नवीन असावं. पाहुणा म्हणून यावं आणि कोणी चहाही विचारू नये, तसं तोंड करून तो वळला आणि बांबूत निघून गेला.

जावयाचा कॅमेरा अजून पिशवीतच होता. पवननं कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. आपण काय करून बसलो हे आता कुठं दिव्यानीच्या ध्यानात आलं आणि ती रडायच्या बेतात आली.

तेवढ्यात मागून मावशींचं हसू फुटलं. "अगं बाई, वाघाला कोंबडीसारखं हाकललंस की गं!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "फोटो काय, सगळ्यांकडेच असतात. हे कुणाकडे आहे?" मग लेक हसली आणि शेवटी जावयालाही हसावं लागलं.

गेटवर उतरताना पवन म्हणाला, "उद्या येजो." मग थोडं थांबून म्हणाला, "पन तोंडाले दुपट्टा बांधून."

दिव्यानी गेटजवळच्या दुकानातून नारळ घेऊनच घराकडे निघाली. वेशीवर ठाण्यापाशी कमळा मोहाची टोपली उतरवून टेकली होती.

"आई, वाघ दिसला आज."

कमळा चटकन उठली. "मंग?"

"हाकलला."

कमळानं तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. गालावरून हात फिरवला. त्या हाताला मोहाचा वास होता. दिव्यानीनं नारळ दगडावर आपटला, तशी कमळानं एक वाटी उचलून घेतली.

"हे माही," ती म्हणाली. "दिसला तुह्या नवसानं, गेला माह्या."

दोघींनी आपापली वाटी वाघोबापुढे ठेवली. दिव्यानीनं डोळे मिटले, पण कान उघडेच ठेवले. शेजारी कमळा नेहमीसारखी पुटपुटायला लागली आणि मध्येच अडखळली. पोरीकडे तिनं एकदा तिरपं पाहिलं, मग पुन्हा हात जोडले.

"दिस रे बाबा," ती म्हणाली, "पन माही पोरगी गाडीत असन तवाच."